नळ, साबण, गूळ

जर्मनीत, आमच्या एर्लांगेनच्या घरात दोन गोष्टींना कुलूप होतं. एक बाल्कनीच्या दाराला, कारण आम्ही चौथ्या मजल्यावर राहायचो आणि माझी धाकटी बहीण इरा नुकती धावायला लागली होती. दुसरं दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटाला, कारण त्यात आजोबांचे खिळे होते. बाल्कनीची किल्ली स्वयंपाकघरातल्या हुकाला लटकत असायची, कुणीही घ्यावी. कपाटाची किल्ली मात्र बाबाच्या पाकिटात. आज मी हॅम्बर्गमध्ये एका भाड्याच्या खोलीत बसून हे लिहिते आहे आणि या खोलीत कुलूप लावावं असं काहीही नाही. तसं काही मी मुद्दामच ठेवलेलं नाही.

खिळे म्हणजे भिंतीत ठोकायचे नव्हेत. जुन्या छापखान्यात ज्यांच्यापासून अक्षरं उमटायची, ते शिशाचे लहान चौकोनी दांडके. एका टोकाला उलटं अक्षर आणि अंगावर एक बारीक खाच. ती खाच बोटाला लागली की अक्षराची बाजू न बघता कळते. अक्षरांचे खिळे जाड, काना-मात्रांचे बारीक, आगपेटीतल्या काडीहून जेमतेम जाड. माझे आजोबा इचलकरंजीत एका छापखान्यात जुळारी होते, म्हणजे असे खिळे ओळीने जुळवायचं काम करायचे. लग्नपत्रिका, हळदीकुंकवाची निमंत्रणं, यंत्रमागवाल्यांची बिलं. आणि मालक कुणाच्या तरी लग्नाला गेला असताना त्याच्याच खिळ्यांनी, त्याच्याच शाईने, त्याच्याच विरुद्ध काढलेलं एक पत्रक. त्यात मागण्या तीन होत्या. कामगारांना हात धुवायला नळ, साबण, आणि शिशावर उतारा म्हणून रोज गूळ. नळ मिळाला, गूळ मिळाला, साबणासाठी आणखी एक पत्रक काढावं लागलं. नोकरी गेली ती तिसऱ्या पत्रकावर. पुढे तो छापखाना बंद पडला, तेव्हा आजोबांनी खिळ्यांची एक लाकडी केस, म्हणजे रकान्यारकान्यांची पेटी, भंगारवाल्याकडून परत मिळवली आणि ती त्यांनी मरेपर्यंत पलंगाखाली ठेवली.

इतर मुलांना गोष्टी सांगून झोपवतात, मला पत्रकं वाचून दाखवली. मी मराठी वाचायला शिकले ती आजोबांच्या पिवळ्या पडलेल्या हँडबिलांवर. माझं नाव समता ठेवलं. इराच्या वेळी आईने बाबाला सांगितलं होतं, "सुहास, आता घोषणा पुरे. हिला नुसतं नाव ठेवू." इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात बाकीच्या मुली लावणीवर नाचल्या, मी आजोबांचं ते पहिलं पत्रक पाठ म्हणून दाखवलं. मुठी वळून, 'नळ, साबण, गूळ' असं तीनदा. एका काकांनी विचारलं, "कुठल्या नाटकातला उतारा हा?" बाबा म्हणाला, "आमच्या घरातला." तेव्हा मला जगात कुणाचा हेवा वाटत नव्हता.

आजोबा गेल्यावर बाबाने ती केस जर्मनीत आणली. एकदम नाही, दर भारतभेटीत थोडी थोडी, सोलापुरी टॉवेलात गुंडाळून, हातातल्या सामानात. एकदा विमानतळावर सामान तपासणाऱ्या बाईने पट्टा थांबवला. पडद्यावर आमची बॅग दिसत होती, तिच्यात चपला, चिवड्याची पाकिटं, आणि मधोमध एक गच्च काळा ठोकळा. तिच्या मशीनला त्याच्या आरपार बघता येत नव्हतं. "काय आहे हे?" तिने विचारलं. बाबा म्हणाला, "माझे वडील." नंतर हसून नीट समजावलं. ही गोष्ट तो पाहुण्यांना पुढे अनेकदा सांगायचा आणि पाहुणे दर वेळी कपाटाकडे बघायचे.

इरा चालायला लागली तसं घर बदलत गेलं. टेबलाच्या कोपऱ्यांना रबर, ड्रॉवरना किंडरझिखेरुंग, म्हणजे मुलांना उघडता येऊ नये म्हणून लावायच्या प्लास्टिकच्या कड्या. आईने तिची पितळी समई माळ्यावर टाकली. माझा कंपासबॉक्स वर गेला, बाबाचा लॅपटॉप वर गेला, आणि कमरेच्या खाली फक्त उशा आणि लाकडी ठोकळे उरले. काचेचं कपाट मात्र जागेवर राहिलं, कारण केस जड होती आणि वर नेली तर कपाटासकट पडेल याची भीती. इरा त्याच्यासमोर उभी राहायची. तळवे काचेला लावून, तोंड काचेला लावून. काचेवर तिच्या श्वासाचा एक गोल धुरकट डाग कायम असायचा. आई तो पुसायची, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच.

रविवारी दुपारी कपाट उघडायचं. जेवण झालेलं असायचं, बहुतेक वेळा पिठलं आणि बासमती, कारण रविवारी स्वयंपाक बाबाचा. बाहेर शनिवारचा बाजार, सायकलींच्या घंटा काहीही नसायचं, जर्मन रविवार म्हणजे कानात कापूस घातल्यासारखा. बाबा टेबलावर जुनी चादर अंथरायचा, केस काढायचा, इराला मांडीवर घ्यायचा. मग खिळ्यांचा आवाज. शिशावर शिसं घासल्याचा तो आवाज मला अजून स्वच्छ आठवतो, भिजलेल्या वाळूवर चालल्यासारखा, मऊ आणि जड. जुन्या खिळ्यांवर पांढरट भुकटी धरलेली असायची, ती बोटांना लागायची आणि राखाडी व्हायची. बाबा आमची नावं जुळवायचा. इराच्या मुठीत एकेक खिळा द्यायचा, तिच्या बोटाने खाच शोधायला लावायचा. "इथे. लागली का? हीच आपली बाजू." इरा गंभीर चेहऱ्याने खिळा फिरवायची आणि मग तोंडाकडे न्यायची.

"तोंडात नाही, इरा. हरवेल."

हे वाक्य मी आज लिहून पुन्हा वाचते. हरवेल. आमच्या घरात त्या खिळ्यांना इतकीच भीती होती.

शेवटी मोजदाद. प्रत्येक रकान्यात किती खिळे ते बाबाला तोंडपाठ होतं. सगळे जागेवर बसले की तो डबा उघडायचा आणि ज्याच्या त्याच्या तळव्यावर गुळाचा खडा ठेवायचा. गूळ न्युर्नबर्गच्या भारतीय दुकानातून यायचा, लोकल गाडीने जाऊन आणलेला. "छापखान्याची रीत," बाबा म्हणायचा. "खिळ्याला हात लावला की गूळ." तो लहानपणी वडिलांचा डबा घेऊन छापखान्यात जायचा तेव्हा त्यालाही मिळायचा. आम्ही राखाडी बोटांनी तो खडा उचलायचो आणि चोखायचो. इरा तर तळवाही चाटून काढायची. तिचा पहिला स्पष्ट शब्द 'आई' नव्हता, जर्मन मुलांचा 'माइन्स', म्हणजे 'माझं', नव्हता, 'ऊळ' होता.

आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. शिसं विषारी असतं हे आम्हाला माहीत होतं, मी तर ते मुठी वळून स्टेजवर म्हटलं होतं. पण ते विष आमच्या मनात मजुरीचं होतं. दिवसभर, वर्षानुवर्षं, पोटासाठी शिसं हाताळणाऱ्या माणसांचं. आमच्या घरात आलं तोवर त्याचा वारसा झाला होता, आणि वारशाने कुणाला बाधा होते असं आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या वर्षी खंडेनवमीला बाबाने नेहमीप्रमाणे केसची पूजा केली. आमच्या घरात देव नव्हते, ही एकच पूजा होती, आणि तीही आजोबांनी चालवलेली म्हणून. हत्याराला नमस्कार करायचा, बाकी कुणाला नाही. झेंडू मिळाले नाहीत, आईने शेवंतीसारखी पिवळी फुलं आणली. व्हिडिओ कॉलवर इचलकरंजीहून आजी बघत होती. आई म्हणाली, "अहो आई, फुलं दिसतात का?" आजी म्हणाली, "फुलं दिसतात. पोरगी का गं अशी सुकलेली?" आई म्हणाली, "दात येताहेत." इराला दात येऊन बरेच दिवस झाले होते. आईनेच ते मला नंतर सांगितलं, की तेव्हा तिच्या तोंडून ते आपोआप निघालं.

पूजेनंतर मोजदाद झाली आणि मात्रांच्या रकान्यात एक खिळा कमी निघाला.

बाबाला मी इतकं बेचैन कधी पाहिलं नव्हतं. त्याने पुन्हा मोजलं. सोफा ओढला, गालिचा उचलला. मला विचारलं, "तू घेतलास का? शाळेत दाखवायला?" मी नाही म्हटलं. "खरं सांग, समता." मी पुन्हा नाही म्हटलं आणि रडले, कारण आमच्या घरात खोटं बोलल्याचा आरोप हा मार खाण्याहून मोठा होता. आई म्हणाली, "एक मात्रा गेली तर काय आकाश कोसळलं?" बाबा म्हणाला, "आल्झो, हे बघ, एक गेली की केस अपुरी. मग ते नुसतं शिसं." त्याने व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी वर्तमानपत्रावर ओतली आणि तो करडा कचरा बोटांनी चाळायला लागला. इरा त्याच्या शेजारी बसली, त्या कचऱ्यात हात घालून. मधेच तिने रिकामा तळवा त्याच्यापुढे धरला. गूळ हवा होता. बाबाने न बघता दिला.

सगळे जण खिळा शोधत होते. इराकडे कुणी बघत नव्हतं.

त्यानंतरचे आठवडे मला धुक्यातल्यासारखे आठवतात, आणि बाहेर खरंच धुकं होतं. इरा जेवेना. पोट धरून वाकायची, मग रडायची, मग रडायचंही सोडून द्यायची आणि पडून राहायची. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे एक कारण तयार होतं. जेवत नाही, कारण किटामध्ये, म्हणजे पाळणाघरात, पास्ता खाऊन लाडावली. शौचाला होत नाही, कारण पाणी कमी पिते. पांढरीफटक दिसते, कारण ऊन नाही. किटातल्या बाई म्हणाल्या, ती हल्ली खेळत नाही, कोपऱ्यात बसते. बाबा म्हणाला, "हो, हो, हिवाळा आहे." मग तिचे शब्द जायला लागले. 'बॉल' गेला, 'नोखमाल', म्हणजे 'पुन्हा', गेला. आई म्हणाली, दोन भाषांच्या मुलांचं असं होतं, एक पाऊल पुढे, एक मागे. एका रविवारी कपाट उघडलं, खिळे वाजले, मोजदाद झाली, आणि इराने 'ऊळ' म्हटलंच नाही. नुसता हात पुढे केला. बाबाने खडा ठेवला तशी तिची बोटं मिटलीच नाहीत. खडा तळव्यावरून घरंगळून खाली पडला. मी तो उचलला तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. कशाची, ते कळलं नाही. मी खडा खाऊन टाकला.

मुलांच्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाचे थेंब दिले. ते सुरू असतानाच एका सकाळी इराला उलट्या झाल्या आणि नंतर ती चालताना एका बाजूला झुकायला लागली, बोटीत असल्यासारखी. आईने तिला तसंच उचलून पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आणखी रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा स्वतःचा फोन आला. वाट बघू नका, ताबडतोब मुलांच्या हॉस्पिटलात जा, मी तिथे कळवलं आहे. मी शाळेतून घरी येत होते, जिन्यातच आईबाबा भेटले. बाबाने इराला छातीशी धरलं होतं, तिचं डोकं त्याच्या खांद्यावर बाहुलीसारखं हलत होतं. "दप्तरासकट चल," आई म्हणाली.

वॉर्डातल्या डॉक्टरबाई शांत होत्या. त्यांनी सांगितलं की इराच्या रक्तात शिसं सापडलं आहे, खूप जास्त, मेंदूपर्यंत पोचलं असण्याची भीती आहे, आणि ते येतं कुठून हे कळलं पाहिजे, आत्ता. मग प्रश्न. इमारत किती जुनी? पाण्याचे नळ? भिंतींचा रंग? डोळ्यात काजळ घालता का? मसाले भारतातून आणता? आयुर्वेदिक गोळ्या?

त्या शेवटच्या प्रश्नावर बाबा ताठ झाला. "आम्ही असल्या गोष्टी घेत नाही," तो म्हणाला. "माझ्या वडिलांनी आयुष्यभर भोंदूगिरीविरुद्ध पत्रकं काढली. तुम्ही आम्हाला बघता आणि तुम्हाला हळद दिसते."

"मला तुमची मुलगी दिसते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणून विचारते."

मी बाबाच्या बाजूने होते, पूर्णपणे. त्या खुर्चीत बसल्या बसल्या मी मनात पत्रक लिहायला सुरुवात केली होती, त्याचं शीर्षकही ठरलं होतं, हॉस्पिटलातल्या पूर्वग्रहाविरुद्ध. मुद्दे सुचत होते. शेजारी आई बसली होती. ती बाबाच्या हातांकडे बघत होती. त्याच्या नखांच्या कडांना राखाडी रेघ होती.

मग इराच्या पोटाचा एक्स-रे काढला. बाबा ज्या कंपनीत होता तिथे तो अशाच यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहायचा, असली चित्रं त्याने स्क्रीनवर हजारो वेळा पाहिली होती. डॉक्टरबाईंनी चित्र उघडलं. बरगड्यांच्या खाली, मऊ करड्या रंगात, एक छोटा, सरळ कडांचा, लख्ख पांढरा दांडका. "बॅटरी नाही," त्या म्हणाल्या. "स्क्रूही नाही. तुम्हाला ओळखता येतंय?"

बाबा पुढे वाकला. त्याने स्क्रीनला बोट लावलं, जे तो कधीच करायचा नाही. त्या पांढऱ्या दांडक्याच्या एका कडेला, अगदी बारीक, एक खाच होती.

तो खाली बसला. खुर्ची नव्हती तिथे. जमिनीवरच बसला. "माझा खिळा आहे," तो मराठीत म्हणाला. डॉक्टरबाईंना कळलं नाही. मग आईने, त्याच्याकडे न बघता, जर्मनमध्ये सगळं सांगितलं, कपाट, रविवार, भुकटी, गूळ. गुळाला जर्मन शब्द तिला सापडेना, तेव्हा तिने तळवा पुढे करून दाखवला, इरासारखा.

तो खिळा नळी घालून काढला. रक्तातलं शिसं बांधून बाहेर काढणारं औषध सुरू झालं, आणि आम्हाला सांगितलं गेलं की जगेल, बाकीचं हळूहळू कळेल. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून बाबाने आजीला फोन लावला. स्पीकर चालू होता. आजीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अरे सुहास, आधी हात. तुझे वडील नळाखाली कोपरापर्यंत हात धुवायचे, साबण लावून, दोनदा. घरी आले तरी आधी मोरीत. तुला जवळ घ्यायचे ते त्यानंतर. आणि मग गूळ."

"मला गूळच आठवतो," बाबा म्हणाला.

"लहान होतास," आजी म्हणाली. "गोड तेवढं राहिलं."

इरा हॉस्पिटलात असतानाच आरोग्य खात्याची एक बाई घरी आली आणि ओल्या फडक्यांनी टेबल, खिडकीची पट्टी, इराची खुर्ची पुसून ती फडकी पिशव्यांत भरून घेऊन गेली. इरा काचेला तोंड लावायची तो गोल डागही तिने पुसला. मी तिला थांबवणार होते. नंतर खिळ्यांचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. बाबा म्हणाला, एखाद्या संग्रहालयाला विचारू. मी त्याहून पुढे गेले. खिळे घरातून घालवणं म्हणजे आजोबांच्या लढ्याशी गद्दारी आहे, असं मी जेवणाच्या टेबलाशी उभी राहून म्हणाले. कुलूप आणखी मोठं लावा, म्हणाले. आईने ताटावरून हात उचलला.

"तुझे आजोबा साबणासाठी लढले, समता. खिळ्यांसाठी नाही. खिळे मालकाचे होते."

 केस प्लास्टिकमध्ये बांधून घातक कचऱ्याच्या केंद्रावर गेली, आईनेच नेली, हातमोजे घालून. गेली इतकी वर्षं मी पत्रकं लिहिते आहे, भाडेवाढीविरुद्ध, गोदामांतल्या पाळ्यांविरुद्ध, आणि अजून मला तिच्या या तीन वाक्यांइतकं नेमकं पत्रक लिहिता आलेलं नाही. वारसा जपा, असं कुणी म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. कशापासून जपायचा, आणि त्याच्यापासून कुणाला, हे आधी सांगा.

एकच खिळा घरात राहिला. इराच्या पोटातून निघालेला. बाबाने तो मागून घेतला होता आणि हॉस्पिटलने तो झाकण चिकटवलेल्या छोट्या पारदर्शक बाटलीत घालून दिला. आईने का ठेवू दिला, मी विचारलेलं नाही. तो आता उघड्या फळीवर असतो, कुलुपाशिवाय.

इरा आता मोठी झाली आहे, माझ्याहून उंच होईल. हसते, सायकल सुसाट चालवते, मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर देते. वाचताना मात्र अडखळते, दोन्ही लिप्यांत. अक्षरं जागेवर थांबत नाहीत, असं ती म्हणते. त्या शिशामुळे का, असं आम्ही दर तपासणीला विचारतो. डॉक्टर त्यामुळे असं म्हणत नाहीत, त्यामुळे नाही असंही म्हणत नाहीत.

मागच्या सुट्टीत मी घरी गेले होते. इराने ती बाटली उजेडात धरली, फिरवली आणि बाबाला विचारलं, "वेल्खर बुखश्टाब वार दास?" कुठलं अक्षर होतं हे?

"मात्रा," बाबा म्हणाला. "मात्रांच्या रकान्यातलं."

"दिसत नाही."

खरंच दिसत नाही. खाच आहे, अंग आहे, पण टोकाशी जिथे मात्रा होती तिथे नुसता गुळगुळीत, खाल्लेला उतार आहे. ते झिजलेलं शिसं कुठे गेलं ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे. इरालाही. तिने बाटली फळीवर ठेवली आणि हात धुवायला गेली. नळ सुरू झाला, साबणाचा पंप दोनदा वाजला. खिळ्याच्या बाटलीचं झाकण कायमचं बंद आहे, ती हाताळली म्हणून हात धुवायची काही गरज नाही. हे तिला आमच्या घरात कुणीच सांगत नाही.